मुंबईचा दगड कोणत्या काळातला? ओळखायला शिकण्याच्या पायऱ्या

मुंबईत कुठल्याही काळ्या दगडाकडे बोट दाखवलं की उत्तर ठरलेलं असतं: साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनासोर संपले तेव्हाचा. सह्याद्रीच्या बहुतेक थरांना हे उत्तर लागू पडतं. मुंबईच्या बेटांवर उघडे पडलेले बरेचसे खडक मात्र त्याहून तीस ते साठ लाख वर्षांनी तरुण आहेत. इथे डोंगर कोरले, खाणी खोदल्या, समुद्र बुजवला, इमारती बांधल्या, त्यामुळे दगड जागोजागी दिसतो. तो कुठल्या काळातला, हे पायरीपायरीने कसं ठरवायचं ते पुढे दिलं आहे. हातोडी लागणार नाही.

पायरी १: आधी काळाची पट्टी पाठ करा

कोटी वर्षं डोक्यात बसत नाहीत, म्हणून पश्चिम रेल्वेचा आधार घ्या. चर्चगेट ते विरार साधारण ६० किलोमीटर. एक किलोमीटर म्हणजे १० लाख वर्षं धरा आणि चर्चगेटला आजचा दिवस ठेवा. आपली मानवजात सुमारे ३ लाख वर्षांची, म्हणजे ३०० मीटर. गाडी प्लॅटफॉर्म सोडते न सोडते तोच ती संपली. विरार आलं की ६ कोटी वर्षं झाली. मुंबईच्या खडकांची मोजलेली वयं साधारण ६ ते ६.३ कोटींच्या पट्ट्यात येतात, म्हणजे विरार स्टेशन आणि त्यापुढचे दोन-तीन किलोमीटर. ६६ व्या किलोमीटरला, विरार आणि वैतरणा यांच्यामधे, मोठी सीमा आहे. तिच्या पलीकडे क्रिटेशस कल्प, अलीकडे पॅलिओसीन. डायनासोर त्या सीमेवर संपले. क्रिटेशस तिथून मागे १४५ व्या किलोमीटरपर्यंत, डहाणू ओलांडून गुजरातच्या हद्दीपाशी जातो.

आता यात दख्खन ट्रॅपचे, म्हणजे दख्खनच्या पठारावर पसरलेले, लाव्हाथर बसवा. पश्चिम घाटातल्या थरांचा मोठा भाग ६६ व्या किलोमीटरच्या आसपास, साधारण १० लाख वर्षांच्या अवधीत ओतला गेला. म्हणजे पट्टीवर जेमतेम एक किलोमीटर, दोन जवळच्या स्टेशनांमधलं अंतर. मुंबईचा लाव्हा त्यानंतर बऱ्याच काळाने आला, आणि तो निराळ्या जातीचाही आहे. ही पट्टी वहीच्या पहिल्या पानावर काढून ठेवा. पुढे प्रत्येक दगड तिच्यावर कुठे बसतो ते लिहायचं आहे.

पायरी २: खडक आणि काळ यांना वेगळे रकाने

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

बेसाल्ट हे खडकाचं नाव आहे, पॅलिओसीन हे काळाचं. बेसाल्ट कुठल्याही काळात तयार होऊ शकतो; आइसलंडमध्ये आजही होतो. म्हणून भूवैज्ञानिक दोन्हींसाठी वेगळे शब्द ठेवतात. काळाच्या तुकड्याला कल्प म्हणतात, त्या काळात तयार झालेल्या खडकांच्या एकत्रित राशीला संघ. क्रिटेशस कल्पात डायनासोर होते. क्रिटेशस संघात त्यांची हाडं सापडतात. काळाबद्दल बोलताना आधीचा आणि नंतरचा म्हणावं, खडकाबद्दल बोलताना खालचा आणि वरचा. सवय लागायला आठवडा जातो, पण एकदा लागली की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

आकारावरून वय सांगता येत नाही, याचं उत्तम उदाहरण अंधेरी पश्चिमेला आहे. गिल्बर्ट हिलचे उभे, बहुकोनी खांब सुमारे ६० मीटर उंच आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात, आणि त्या भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात. त्यातून खांब बनतात. असे खांब जगात दोन-तीनच ठिकाणी आहेत असं जे सांगितलं जातं ते चूक आहे. उडुपीजवळच्या सेंट मेरीज बेटांवर तसेच खांब आहेत, पण तो खडक क्रिटेशसमधला, सुमारे ९ कोटी वर्षांचा. आयर्लंडचे प्रसिद्ध खांब सुमारे ६ कोटी वर्षांचे, म्हणजे मुंबईच्या जवळपासच्या काळातले, पण ज्वालामुखी सर्वस्वी वेगळा. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिल्स पोस्टपाइलचे खांब तर एक लाख वर्षांच्या आसपासचे, आपल्या पट्टीवर चर्चगेटच्या प्लॅटफॉर्मवरच. चारही ठिकाणचे फोटो शेजारी ठेवले तर वय ओळखता येणार नाही. खांब सांगतात लाव्हा कसा थंड झाला. कधी थंड झाला ते सांगत नाहीत.

पायरी ३: सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, वही, पेन्सिल, तीन मीटरचा टेप, लोखंडी खिळा, लहान लोहचुंबक, उतार मोजणारं अ‍ॅप असलेला मोबाइल, होकायंत्र, पाणी, टोपी, आणि तळ पकड घेणारे बूट. स्वयंपाकघरातला वजनकाटा घरी ठेवा, तो नंतर लागेल.

हातोडी घेऊ नका. गिल्बर्ट हिल वारसा यादीत आहे, महाकाली आणि कान्हेरी लेणी पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहेत, कान्हेरी तर राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे. तिथे दगड फोडणं, खरवडणं, उचलून आणणं गुन्हा आहे. पाहायला आणि मोजायला मात्र भरपूर आहे. खिळ्याने ओरखडा काढण्याचे प्रयोग रस्त्याच्या कडेला पडलेल्या खडीवर करा.

ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात खडक धुतले जातात खरे, पण शेवाळ चढतं आणि किनाऱ्यावर पाय हमखास घसरतो. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याशी पावसात उभं राहू नका, भेगांमधून दगड सुटतात.

पायरी ४: किनाऱ्यासाठी तिथी बघा

वांद्रे, वरळी, मलबार हिल इथला किनाऱ्यालगतचा खडक ओहोटीतच नीट दिसतो. कोकणातला जुना हिशोब मुंबईत चांगला चालतो: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. त्यात सहा तास मिळवले किंवा वजा केले की ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला. वेळ सोयीची, पण अष्टमीला भांग असते, पाणी फारसं मागे जात नाही आणि हवा तो खडक पाण्याखालीच राहतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे उजेड कमी. म्हणून पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया धरा. ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, पाणी अजून चांगलं मागे असतं आणि ऊनही तिरपं असल्याने खडकावरचे बारकावे उठून दिसतात. ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. भरतीचं वेळापत्रक छापील किंवा ऑनलाइन मिळतं. पाऊणपट हा अंदाज आहे, जीव त्यावर टांगू नका.

पायरी ५: दगड जागचा आहे का?

मुंबईत हा प्रश्न पहिला विचारावा. शहराचा मोठा भाग भरणीवर उभा आहे. समुद्राच्या बांधाला टाकलेले मोठे धोंडे खाणीतून आणलेले असतात. चौपाटीवरचा सुटा दगड कुठूनही आलेला असू शकतो. जागचा खडक ओळखायची खूण अशी: त्यातल्या भेगा किंवा थर शेजारच्या उंचवट्यातही त्याच दिशेने पुढे चालू राहतात. धोंडे असतील तर प्रत्येकाची दिशा वेगळी. जागेवर नसलेल्या दगडावरून खडकाचा प्रकार शिकता येतो. कोण आधीचं, कोण नंतरचं, हे त्यावरून कधीच ठरवू नका.

इमारतींचंही तसंच. काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट शेजारी शेजारी पाहायला मिळतात, दोन्ही स्थानिक. राजाबाई टॉवरमध्ये कुर्ल्याच्या दगडासोबत पोरबंदरचा दगडही आहे. तो समुद्रकिनारी साठलेल्या चुनकट वाळूचा खडक, वय लाखांमध्ये मोजण्याइतकं कोवळं. एका भिंतीत सहा कोटी आणि काही लाख वर्षं एकत्र बसलेली असतात. वारसा इमारतींवर लिंबू किंवा व्हिनेगर टाकून बघू नका, आम्लाचे डाग राहतात.

पायरी ६: खडक ओळखा

ताजी, न झिजलेली बाजू शोधा. बाहेरची पिवळी-तपकिरी साल फसवते. झिजलेला बेसाल्ट दिसायला थेट ट्रॅकाइटसारखा होतो.

बेसाल्ट काळा ते गडद करडा, दाणे डोळ्यांना न दिसणारे, हाताला जड, बहुतेकदा लोहचुंबक हलकेच ओढणारा. त्यात वाटोळी भोकं असतील तर ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची, त्यांना कुहरं म्हणतात. नंतर पाण्याने ती पांढऱ्या झिओलाइट खनिजांनी, कॅल्साइटने किंवा गारेने भरली. कांदिवलीच्या खाणी हिरवट प्रेहनाइट खनिजासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. ट्रॅकाइट फिकट करडा किंवा पिवळसर, हाताला खरखरीत. नावाचं मूळच ग्रीक भाषेतल्या खरखरीत या अर्थाच्या शब्दात आहे. भिंगातून त्यात फेल्डस्पार या खनिजाच्या चपट्या, चमकणाऱ्या पट्ट्या दिसतात. रायोलाइटमध्ये बारीक वाहत्या रेघा असतात. उत्तन-डोंगरी भागात तो आहे. ब्रेशिया म्हणजे कोनदार तुकड्यांचा, राखेने चिकटलेला खडक. महाकाली लेण्यांच्या भिंतीत तो पाहा: वेगवेगळ्या आकाराचे, टोकदार तुकडे एकात एक रुतलेले. तो लवकर झिजतो, म्हणून तिथलं कोरीवकाम इतकं पुसट झालं आहे. यांशिवाय पातळ पापुद्र्यांचा गाळाचा खडक दिसला तर जरा जास्त वेळ द्या. तो दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या शांत काळात तळ्यात साठलेला गाळ असतो.

बेसाल्ट की ट्रॅकाइट, हे पक्कं करायला घनता मोजा. मुठीएवढा, बिनभोकाचा, रस्त्यावरचा सुटा तुकडा घ्या. कोरडं वजन करा, समजा ४३५ ग्रॅम आलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. दगड दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा १५० दाखवील तर घनता ४३५ भागिले १५०, म्हणजे २.९. ताजा बेसाल्ट २.८ ते ३ च्या दरम्यान येतो, ट्रॅकाइट आणि रायोलाइट साधारण २.४ ते २.६. आकडा गडबडतो तो तीन कारणांनी: दगड तळाला टेकला, भोकांमध्ये हवा अडकली, किंवा दगड आतून कुजलेला आहे. भोकांच्या बेसाल्टची घनता २.३ सुद्धा येते, त्यावरून त्याला ट्रॅकाइट म्हणू नका.

पायरी ७: वर कोण, खाली कोण

लाव्हा किंवा गाळ एकावर एक साठतो, म्हणून थर उलटले नसतील तर खालचा आधीचा. एका लाव्हाप्रवाहाची वरखाली ओळख अशी करायची. तळाशी पुष्कळदा नळीसारखी उभी कुहरं असतात, मधला भाग भरीव, माथ्याकडे कुहरं दाटीने. माथा बराच काळ उघडा राहिला असेल तर त्यावर विटेसारखा तांबडा मातकट थर मिळतो. त्याला बोल म्हणतात. असा तांबडा पट्टा दिसला की वहीत लिहा: इथे ज्वालामुखी काही काळ थांबला होता.

आता थराचा उतार, म्हणजे नती. घाटात खंडाळ्याच्या बाजूला थर जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे दिसतात. ट्रॅप हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. मुंबईत मात्र थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. भारत आणि सेशेल्स सुमारे ६.२ कोटी वर्षांच्या आसपास एकमेकांपासून तुटले, तेव्हा हा किनारपट्टा वाकला. त्याला पनवेलचा वाक म्हणतात. याचा व्यवहारातला अर्थ असा की सपाट जमिनीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे चालत गेलात तर साधारणपणे खालच्या थरांवरून वरच्या थरांवर, म्हणजे जुन्याकडून तरुण खडकाकडे जाता. मलबार हिल आणि वरळीच्या टेकडीचा पूर्वेचा कडा उभा आणि समुद्राकडचा उतार सौम्य का, याचं कारणही थरांच्या याच कलात आहे.

नती मोजताना वही थराच्या पृष्ठभागावर ठेवून त्यावर मोबाइल ठेवा. पाच ठिकाणी मोजा, सरासरी घ्या. एकाच वाचनावर विसंबू नका, कारण लाव्हाचा माथा मुळातच फुगीर, उंचसखल असतो. सर्वांत भरवशाचा पृष्ठभाग गाळाच्या थराचा किंवा तांबड्या बोलचा. नवशिके हमखास भेगेच्या सपाट बाजूची नती मोजतात. कुहरांची रांग किंवा रंगाचा पट्टा त्या बाजूला समांतर नसेल तर ती भेग समजा. दिशेसाठी होकायंत्र खडकावर टेकवू नका. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज सुई फिरवतं. खडकापासून दोन-तीन पावलं मागे सरून दिशा घ्या आणि नकाशावरच्या सरळ रस्त्याशी पडताळून पाहा.

नती १५ अंश असेल आणि तुम्ही उताराच्या दिशेने १ किलोमीटर सपाटीवर चाललात, तर सुमारे २६० मीटर जाडीचे थर ओलांडले. १० अंश असेल तर १७५ मीटर. मधे मोठा तडा गेलेला नाही, हे गृहीत धरून.

आणखी एक नियम. एखादा खडक दुसऱ्याला चिरून गेला असेल तर चिरणारा नंतरचा. लाव्हा भेगेतून वर चढून तिथेच थिजला की उभी भिंत तयार होते, तिला भित्ती म्हणतात. भित्तीच्या कडा मधल्या भागापेक्षा बारीक दाण्यांच्या असतात, कारण थंड खडकाला टेकून त्या झटकन थिजल्या. ही कड नसेल तर ती भित्ती म्हणण्याआधी पुन्हा बघा.

फसवणारी एक गोष्ट: कुजलेला बेसाल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटतो आणि गोल गोळे उरतात. पाण्यात ओतलेल्या लाव्हाच्या उशीसारख्या गोळ्यांशी त्यांची गल्लत होते. खऱ्या उशीला बाहेरून काचेसारखी पातळ साल असते आणि वरची उशी खालच्या दोघींच्या खाचेत बसलेली असते. कांद्याचे गोळे सरळ भेगांच्या चौकटीत, ओळीने मिळतात.

पायरी ८: मग वयाचा आकडा

इथवर तुम्ही फक्त क्रम लावला. आकडा प्रयोगशाळेतून येतो. पोटॅशियमचा एक प्रकार हळूहळू बदलतो आणि त्यातल्या थोड्याचा आर्गॉन वायू होतो. सुमारे १२५ कोटी वर्षांत हा पोटॅशियम निम्मा उरतो. खडक थिजल्यापासून किती आर्गॉन साठला, यावरून वय निघतं. पवईच्या आयआयटीमध्ये अशा मोजणीची सोय आहे. ट्रॅकाइटमध्ये पोटॅशियम जास्त, म्हणून तो या कामाला चांगला. मुंबईच्या बेसाल्टमध्ये ते कमी, शिवाय गरम पाण्याने झिओलाइट भरताना पुष्कळ ठिकाणी खडक आतून बदललेला आहे. बदललेल्या खडकातून आर्गॉन निसटतो आणि वय खऱ्याहून कमी दिसतं. म्हणून जुन्या लेखांतला एखादा सुटा आकडा पकडून बसू नका; कुठल्या खडकाचा, ताजा की बदललेला, हे आधी पाहा.

आकड्याच्या शेवटी अधिक-उणे असतं, ते कधीही गाळू नका. समजा एका खडकाचं वय ६.२६ कोटी, अधिक-उणे ६ लाख असं दिलं आहे. म्हणजे बहुधा ६.२० ते ६.३२ कोटींच्या मधे कुठेतरी. दुसऱ्याचं ६.१८ कोटी, अधिक-उणे ६ लाख, म्हणजे ६.१२ ते ६.२४. दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात, म्हणून निव्वळ आकड्यांवरून पहिला जुना असं ठामपणे म्हणता येत नाही. तिथे तुमचा सातव्या पायरीचा क्रम कामाला येतो: एक दुसऱ्याच्या खाली दिसला, तर आकडे काहीही म्हणोत, खालचा आधीचा.

जीवाश्मांचा उपयोग किती, हेही इथेच. वरळीच्या गाळाच्या थरात बोटभर बेडकांचे सांगाडे सापडले होते. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्यांना इंडोबॅट्रॅकस म्हणतात. अंबोलीच्या खाणीतून कासव मिळालं. दोन ज्वालामुखी उद्रेकांमधे इथे गोडं पाणी होतं, त्यात जीव नांदत होते, हे त्यावरून समजतं आणि ही माहिती फार मोलाची आहे. पण गोड्या पाण्यातले बेडूक, कासवं एकेका तळ्यापुरते असतात, लाखो वर्षं फारसे बदलत नाहीत. समुद्रातले सूक्ष्मजीव जगभर पसरतात आणि लवकर बदलतात, म्हणून काळाच्या सीमा त्यांच्यावर बेतलेल्या असतात. नुसत्या बेडकावरून क्रिटेशस की पॅलिओसीन, हा निवाडा होत नाही.

पायरी ९: नोंद कशी लिहायची

प्रत्येक ठिकाणाला एक पान. जागा, तारीख, जागचा आहे का, खडक, कुहरं, नती आणि दिशा, खाली काय, वर काय, कोणी कोणाला चिरलं. सोबत टेप किंवा पेन शेजारी ठेवून काढलेला फोटो, नाहीतर घरी गेल्यावर तो खांब वीतभर होता की पुरुषभर हे कळत नाही. वय वेगळ्या ओळीत, आणि त्यापुढे तीनपैकी एक शब्द: पाहिलं, मोजलेलं, अंदाज. पाहिलं म्हणजे क्रम तुम्ही स्वतः पाहिला. मोजलेलं म्हणजे त्याच ठिकाणच्या खडकाचं वय प्रसिद्ध झालेलं आहे. बाकी सगळं अंदाज. शेजारच्या टेकडीचं वय या टेकडीला लावलं, तर तो अंदाजच.

पहिल्या महिन्यात चार फेऱ्या पुरेत. आधी वस्तुसंग्रहालयाच्या बाहेरून दगडांची ओळख, मग महाकालीचा ब्रेशिया, मग गिल्बर्ट हिल, आणि चौथी फेरी तृतीयेच्या सकाळी वांद्र्याच्या किनाऱ्यावर. पाचव्या वेळी कर्जतहून खंडाळ्याला जाणाऱ्या गाडीत खिडकीची जागा धरा. समोरचे आडवे थर बघताना वहीतलं मुंबईचं पान उघडं ठेवा आणि दोन्हींची नती शेजारी शेजारी लिहा.